चौथ्या मिनिटाला बसणारी रेघ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कामाच्या वहीत शंका लिहायला जागा नसते. तिथे तीनच रकाने: बिघाड, उपाय, तारीख. म्हणून ही दुसरी वही. पुतणीने दिली होती, "काकू, मनातलं लिहीत जा" म्हणून. माझ्या मनात बहुतेक वेळा वायरीच असतात, त्याला ती बिचारी काय करणार.

आज आमच्या हॉस्पिटलच्या हृदयविभागात चालायचा पट्टा आला. इथली सगळी यंत्रं मीच दुरुस्त करते, म्हणून तोही माझ्याच गळ्यात. पेशंटच्या छातीला दहा वायरी चिकटवायच्या, त्याला पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा, आणि दमेपर्यंत हृदयाची रेघ कागदावर कशी उमटते ते पाहायचं. आतापर्यंत या तपासणीसाठी आमचे पेशंट तीन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचे. बरेचसे जायचेच नाहीत.

पट्टा बंद असला की रेघ झकास. चालू केला की रेघेला केस फुटतात, अगदी सुरवंट होतो. पट्ट्याखाली मोटर आहे आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह नावाचा डबा. हा डबा वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. त्या तोडाजोडीचा गोंगाट कुठून तरी रेघेत शिरतो. हृदयाची वीज ती केवढीशी, एका व्होल्टचा हजारावा भाग. तिच्याशेजारी हा डबा दिवसभर पत्रा बडवतोय.

कंपनीचा माणूस म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगचं अर्थिंग खराब आहे." नाचता येईना अंगण वाकडं! अर्थिंग मी दोन महिन्यांपूर्वी मोजलंय, कागद फाइलीत आहे.

हृदयाच्या डॉक्टरांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. त्या म्हणाल्या, "अठ्ठावीसपर्यंत रेघ स्वच्छ झाली तर ठेवू, नाहीतर परत पाठवू. आणि ते केसाळ कागद मला दाखवू नका, माझे डोळे दुखतात. स्वच्छ झाली की बोलवा." मलाही अर्धवट काम दाखवायची सवय नाही. त्यामुळे आमचं जमलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तपासायला ठोके हवेत. आमच्याकडे खोट्या ठोक्यांची एक डबी आहे, मी तिला खोटं हृदय म्हणते. पण ती तपासणीला बाहेर गेलीय, पंधरवड्याने येईल. पेशंटला असल्या अर्धवट यंत्रावर चढवायचं नाही. मग आपला हात जगन्नाथ. गाऊन घातला, वायरी चिकटवल्या आणि मीच चालले. वॉर्डातल्या मावशींना पट्टा थांबवायच्या लाल बटणापाशी बसवलं. त्या तिथे बसून गॉजच्या घड्या घालतात आणि माझ्याकडे बघून हसतात. "वायरबाई, आता खऱ्या वायरबाई झालात," म्हणाल्या.

कागद बघताना माझा एक नियम आहे. रेघ खरी आहे की खोटी एवढंच मी बघायचं. ती काय सांगते ते डॉक्टरांनी बघायचं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका पेशंटची रेघ बघून मी त्याच्या बायकोला म्हटलं होतं, "बहुतेक जोराचा झटका आहे हो." झटका नव्हताच, वायर उलटी लागली होती. ती बाई जिन्यात बसून किती रडली! तेव्हाच्या साहेबांनी मला सांगितलं, डॉक्टरने यंत्र उघडायचं नाही आणि तू रेघ वाचायची नाही. एकोणतीस वर्षं पाळलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज घरचा जुना ट्रान्झिस्टर नेला. दोन स्टेशनांच्या मधे, नुसती खरखर येते तिथे काटा लावला आणि पट्टा चालू करून सगळीकडे फिरवला. भिंतीपाशी गप्प. ईसीजीच्या पडद्यापाशी थोडी कुरकुर. मोटरच्या केबलवर धरला तर इतका किंचाळला की मावशींच्या घड्या खाली पडल्या.

खाली वाकून बघते तर मोटरची केबल आणि हृदयाची वायर, दोघींना कंपनीच्या माणसाने एकत्र बांधलेलं! दर वीतभर अंतरावर प्लॅस्टिकची पट्टी, अगदी वेणी घातल्यासारखं. दिसायला किती सुबक. सुबकपणाच्या नादात त्याने चोराला आणि सावकाराला एका खाटेवर झोपवलं. मी पट्ट्या कापल्या, दोन केबली हातभर लांब केल्या, आणि जिथे एकमेकींना ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडू दिल्या. निम्मा सुरवंट गेला.

घरी जाताना हे नाक्यावर भेटले, मंडईतून येत होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हल्ली हे प्रत्येक वळणावर थांबतात आणि चपलेचा पट्टा नीट करत बसतात. वय झालं, दुसरं काय. मीही सोबत म्हणून थांबते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मोटरच्या केबलला बाहेरून तांब्याची जाळी आहे. गोंगाट त्या जाळीत अडकून जमिनीत जायला हवा. पण जाळीचं टोक पिळून, शेपटी करून एका स्क्रूला लटकवलं होतं. या असल्या गोंगाटाला शेपटीतून जायला आवडत नाही, त्याला सगळीकडून धरावं लागतं. मी शेपटी कापून जाळी गोल उघडी केली आणि पूर्ण वेढा घालणारी पत्र्याची पट्टी आवळली. ड्राइव्ह ज्या पत्र्यावर बसवलाय त्याचा रंगही स्क्रूखाली खरवडला, कारण रंगावरून वीज जात नाही हे कंपनीच्या माणसाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. वर गोंगाट शोषून घेणारी फेराइटची एक जाडजूड काळी कडी केबलवर ओवली.

चालू केला. रेघ सुईत ओवता येईल अशी! मी पट्ट्यावरच टाळ्या पिटल्या. मावशी म्हणाल्या, "चालायचं तरी थांबवा आधी." तिसऱ्या मिनिटापर्यंत इतकी सुंदर रेघ मी नव्या यंत्रांवरही पाहिली नाही.

चौथ्या मिनिटाला मात्र गंमत झाली. केस नाहीत, काही नाही, पण प्रत्येक ठोक्यानंतर रेघ खाली बसायला लागली. उशी दाबावी तशी. आणि मधूनच एखादा आडदांड ठोका, बाकीच्यांशी काही नातं नसलेला. पट्टा थांबवल्यावर चार-पाच मिनिटांनी रेघ हळूहळू वर आली.

हा काहीतरी वेगळाच प्राणी आहे. मला तर बरंच वाटलं. सुरवंटाला पकडणं म्हणजे पुस्तकातलंच गणित, हे मात्र पुस्तकाबाहेरचं दिसतंय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून चार वेळा चालले. दर वेळी चौथं मिनिट. तिसऱ्या मिनिटानंतर चढ वाढतो, मोटरवर भार येतो, ती तापते, ड्राइव्ह जास्त वीज ओढतो. थांबल्यावर मोटर गार व्हायला चार-पाच मिनिटं लागतात आणि रेघही तेवढ्याच वेळात वर येते. इतका छान मेळ बसतो की मोटरला हात लावून बघायचीही गरज नाही. तरी लावला. कोमट होती, चटका बसेल अशी नाही.

डावीकडच्या खालच्या दाढेत ठणकतंय. चालताना जास्त. पट्ट्याच्या हादऱ्याने असावं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दातांचे डॉक्टर म्हणाले, "दाढ उत्तम आहे, मला काहीच दिसत नाही." ज्याला दिसत नाही त्याने भिंग घ्यावं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग मोठ्या मॅडमना दाखव की." मी म्हटलं, "दात हृदयाच्या डॉक्टरला? हात दाखवून अवलक्षण कशाला!" हे पेपर वाचत होते, पण अर्धा तास पान उलटलं नाही.

मावशींनी आज मध्येच लाल बटण दाबलं. म्हणाल्या, "बाई, तुमचा चेहरा कागदासारखा झालाय." मी म्हटलं, ट्यूबलाइट नवीन बसवलीय, त्यात सगळेच तसे दिसतात. त्यांनी ट्यूबलाइटकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हाताकडे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ईसीजीच्या फिल्टरचं एक जुनं दुखणं आहे. चुकीच्या आकड्यावर ठेवला तर ठोक्यानंतरची रेघ खोटीच खाली बसते. यात कितीतरी लोक फसलेत. रविवारभर तेच डोक्यात घोळत होतं, आंघोळ करतानाही. आज सकाळी पळतच गेले, म्हणजे निघाले पळत, पण जिन्याखाली दोन मिनिटं थांबावं लागलं, ही अॅसिडिटी जीव खाते. फिल्टरचा आकडा बघितला. बरोबर होता. तरी बदलून पाहिला, दोन्ही बाजूंना. रेघ आपली बसतेच आहे.

कंपनीच्या माणसाला फोन केला. "मॅडम, आमच्याकडे असं कधी झालेलं नाही, तुम्हीच काहीतरी करत असाल." आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. फोन ठेवला आणि डोकं गरम झालं. पण एक सांगते, ही कोडी मला आवडतात. चोपन्नाव्या वर्षी अजून काहीतरी कळत नाही, हे किती बरं वाटतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

खोटं हृदय परत आलं. पट्ट्याच्या कठड्याला टांगलं, वायरी त्याला लावल्या, आणि वाळूच्या दोन पिशव्या कठड्याला बांधून पट्ट्यावर घासत ठेवल्या, मोटरला भार मिळावा म्हणून. बारा मिनिटं. मोटर इतकी तापली की हात ठेववेना. रेघ पहिल्या मिनिटाला होती तशीच बाराव्या मिनिटाला.

म्हणजे माझा मोटर तापण्याचा सिद्धांत पाण्यात गेला. मावशी म्हणाल्या, "मग झालं ना काम? बोलवा मॅडमना." मी म्हटलं, झालं कसं? माणूस चढवला की रेघ बसते. उद्या खऱ्या पेशंटची रेघ अशी खोटी बसली तर मॅडम त्याला उगाच चिरफाड सांगतील. त्या जिन्यात रडणाऱ्या बाईची आठवण आली.

विचार केला, खोट्या हृदयात आणि माणसात फरक काय? खोट्या हृदयाला घाम येत नाही! चौथ्या मिनिटाला मला घाम फुटतो, गार घाम, गाऊन भिजतो. घामाने वायरींचे चिकट गोल सुटत असणार. उद्या कातडी स्पिरिटने घासून, नवे गोल लावून बघायचं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गोल सुटले नाहीत. रेघ बसली, तीही तिसऱ्या मिनिटालाच. आडदांड ठोके आज दोन-दोनच्या जोडीने आले. दाढेचं दुखणं खांद्यापर्यंत गेलं आणि मी स्वतःच थांबा म्हटलं. मावशींचा हात आधीच बटणावर होता.

आता दुसरा घाम येणारा माणूस हवा. आमच्या वन्संना फोन केला. ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, वजन माझ्या दीडपट, आणि पंखा लावूनही पदराने वारा घेणाऱ्या. घाम म्हणावं तर वन्संच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे सगळं जसं झालं तसं लिहिते.

वन्सं अकरा वाजता आल्या. "अगं, मला या वयात कसल्या शर्यतीत पळवतेस? पडले तर तुझ्या भाऊजींना सांभाळायला तुलाच लावेन हं." म्हटलं, हॉस्पिटलातच आहात, उचलायला माणसं आहेत. गोल चिकटवले, पट्टा सुरू केला. वन्सं चालायला लागल्या आणि बोलायलाही. सूनबाई, गुडघे, शेजारणीचा कुत्रा. तिसऱ्या मिनिटाला घामाने निथळल्या. चौथं मिनिट. मी पडद्याला नाक लावून उभी. पाचवं. सहावं. वन्सं धापा टाकत होत्या आणि कुत्र्याचं अजून संपलं नव्हतं.

रेघ बसली नाही. केसभरही नाही.

पट्टा थांबवला. वन्सं म्हणाल्या, "झाले का मी पास?" मी म्हटलं, "पहिल्या नंबराने." त्यांना चहाला पाठवलं आणि खणातले सगळे कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. साहेबांनी शिकवलेली दुसरी गोष्ट: एका वेळी एकच वस्तू बदलायची, रेघ बदलली की चोर तोच. केबल दूर केली, बसली, तेव्हा केसांखाली दिसली नव्हती एवढंच. कडी ओवली, बसली. फिल्टर, बसली. गोल, बसली. सकाळी, दुपारी, उपाशीपोटी, जेवून. सगळं बदललं, सोळा वेळा. आज वन्सं चढल्या, आणि नाही बसली. तोच पट्टा, तीच केबल, तोच फिल्टर, तेच गोल, घाम माझ्याहून जास्त.

सोळा कागदांत एकच वस्तू मी कधी बदलली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी अठरा दिवस घातला. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा वाटलं, एकदा खात्री करून घ्यावी. खरंच सांगते, भीतीच्या आधी हेच वाटलं. एकदाच चढावं, आता काय शोधायचं ते कळलंय. मी गाऊन उचलला. मावशींनी उठून भिंतीतला प्लग उपटला, वायर गुंडाळून मांडीवर घेतली आणि पट्ट्यावरच फतकल मारून बसल्या. "मी शिकलेली नाही," म्हणाल्या, "पण तीस वर्षं माणसं बघतेय. आता तुम्ही माझ्या अंगावरून चालत जा."

मग कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्या जेवत होत्या. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, डबा बाजूला सारला.

"वा! काय स्वच्छ रेघ आहे. हा पेशंट कुठे आहे?"

"मॅडम, यंत्रात अजून थोडा…"

"यंत्र उत्तम आहे. याच्याइतकं स्वच्छ यंत्र माझ्याकडे कधीच नव्हतं. पेशंट कुठे आहे? याला चालायला कुणी सांगितलं? याला आत्ता झोपवायला हवं."

यंत्र उत्तम आहे, हे ऐकायला मी अठरा दिवस थांबले होते. ऐकलं, आणि क्षणभर इतका आनंद झाला की पुढचा प्रश्न नीट कानात शिरलाच नाही. मग शिरला. मी म्हटलं, "मी आहे, मॅडम."

त्यांनी माझा दंड धरला आणि खुर्चीत बसवलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "दुखतं का कुठे?" म्हणाल्या. मी म्हटलं, दाढ.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तीन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. शनिवारीच गाडीतून आडवी आणली. काल नळी घालून चित्र काढलं. हृदयाची डावीकडची मुख्य रक्तवाहिनी वरच्या तोंडाशीच दोऱ्याएवढी उरलीय. उद्या फुगा घालून उघडणार, जाळीची नळी बसवणार. इथले डॉक्टर म्हणाले, "सोळा वेळा चाललात? अशा हृदयावर?" आणि त्यांनी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. त्यांच्या त्या पुन्हा बघण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हे शनिवारपासून खुर्चीतून हललेले नाहीत. आज दुपारी म्हणाले, "तुझ्या हाताखालून एवढी यंत्रं बरी होऊन गेली. आता तू जरा दुसऱ्याच्या हाताखाली पड." मी हसले. मग त्यांना रडू आलं, मग मलाही. छत्तीस वर्षांत ह्यांना रडताना मी एकदाच पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा. मी त्यांना खोटं सांगितलं, की मला भीती वाटत नाही.

पलंगाच्या डोक्याशी पडदा आहे, त्यावर माझी रेघ. दुपारी बघते तर केसाळ. गेली, परत आली. मला कळेना. कान देऊन ऐकलं तर शेजारच्या आजींच्या पलंगाचं डोकं वर-खाली करतात तेव्हाच. पलंगाला मोटर आहे, आणि तिची केबल माझ्या वायरीला खेटून, दोन्ही एकाच हुकात अडकवलेल्या. सिस्टरला म्हटलं, "तेवढी ती केबल हुकातून काढून तिकडून फिरवा."

"काकू, ते तसंच असतं. पडून राहा बरं."

"तसंच नसतं," मी म्हटलं. "काढून तर बघा."

माझ्या आवाजाला घाबरून असेल, पण तिने काढली आणि आजींचा पलंग पुन्हा वर केला. एक केस नाही. ती पडद्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अय्या, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

ती गेल्यावर मी बराच वेळ बघत पडले. एकोणतीस वर्षं रेघ वाचायची नाही म्हणत आले, आता वाचायला शिकवा म्हणून कुणाला सांगू? नुसतं पडून असतानाही ती थोडी बसलेलीच आहे. मधूनच तो आडदांड ठोका येतो. आता यात मोटर नाही, केबल नाही, फिल्टर नाही. जे दिसतंय ते सगळं माझंच आहे.

भीती वाटते. सकाळी साडेसातला नेणार आहेत. पडदा मला दिसेल असा वळवून ठेवायला सांगितलाय, आणि डॉक्टर हो म्हणालेत.